रक्तपेढीच्या दारातला जुना फायरवॉल

घाबरत घाबरतच बोलतोय. मी फायरवॉल. रक्तपेढीच्या सर्व्हरपुढे अकरा वर्षं उभा असलेला राखाडी डबा. कुठल्या रुग्णालयाला कोणतं रक्त हवंय, ते माझ्यातूनच सर्व्हरपर्यंत जातं. ओळखीच्याला आत सोडायचं, बाकीच्यांना दारातूनच परतवायचं, एवढंच माझं काम.

मला बसवलं इथल्या जुन्या इंजिनिअर काकांनी. चहाचा कप माझ्याच डोक्यावर ठेवून कोणत्या पत्त्यावरून आलेल्याला आत सोडायचं, याचा त्यांनी एकेक नियम लिहिला. पुढे काका निवृत्त झाले, आणि मला बनवणाऱ्या कंपनीनेही हात वर केले. नव्या हल्ल्यांची माहिती मिळेना. रोज हजारो अनोळखी दार ठोठावत आणि चोर कोण, साव कोण, मला कळेनासं झालं. ही भीती सांगणार कुणाला?

काकांच्या जागी आलेल्या इंजिनिअर ताईंना ती न सांगताच कळली. त्यांनी एका साध्या कॉम्प्युटरवर ओपन सोर्स फायरवॉल उभा केला, ज्याचं पोट कुणीही उघडून तपासावं असा. माझे नियम त्यात उतरवताना एका नियमापाशी त्या थबकल्या. नुसताच आकड्यांचा पत्ता, पुढे तो कुणाचा याची कसलीही नोंद नाही.

"हा कुणाचा असेल?" त्यांनी रक्तपेढीच्या साहेबांना विचारलं.

"महिनाभरात कुणी आलंय त्यावरून?"

"नाही."

"मग सोडा. अडगळ कशाला न्यायची?"

मला ठाऊक होतं. डोंगरापलीकडचं प्रसूतिगृह ते. क्वचित येई, पण जिवावर बेतलं की येई. माझा पंखा घरघरला. माझी बोंब तेवढीच.

बुधवारी सकाळी माझ्यातली वायर काढून नव्यात लावली. तासाभरात फोन वाजला. प्रसूतिगृहातली नर्स होती.

"ताई, मागणी जातच नाहीये. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नाही."

"गट सांगा. फोन ठेवू नका," म्हणत ताईंनी मागणी कागदावर लिहून रक्त रवाना केलं. मग तो नियम नव्यात भरला.

संध्याकाळी कळलं, बाई वाचली. ताईंनी काकांना फोन लावला.

"काका, त्या नियमापुढे नोंद का नाही केलीत?"

काका म्हणाले, "मला वाटायचं, मी आहेच की इथे."

आता मी बाजूच्या फळीवर आहे. शुक्रवारी माझ्यातलं सगळं पुसणार आहेत. खुशाल पुसा. पण ताई, त्याआधी एकदा वाचा. नोंद नसलेले, अडगळ म्हणून मागे राहिलेले आणखी तीन नियम माझ्यात आहेत. अकरा वर्षांत त्यांवरून कुणीच आलेलं नाही. ते कुणाचे, हे मलाही ठाऊक नाही.