कुंडीच्या पायाला दोन तारा

"अर्धीच काप गं, चिझुरू. अर्धी मुळं पाणी पितील, अर्धी घाव सोसतील."

मी सात वर्षांची असताना ऐकलेला बाबांचा हा आवाज अजून माझ्या कात्रीच्या टोकाशी बसून असतो.

काळ्या पाइनच्या बोन्सायची ही आमच्या किनाशी गावातली रीत. एका खेपेला मुळांची एकच बाजू कापायची, दुसरी तीन-चार वर्षांनी. कापलेल्या बाजूकडच्या कुंडीच्या पायाला बाबा तांब्याची तार पिळत आणि आधीची काढून टाकत.

बाबा गेल्यावरचा हा दुसरा मार्च. आजोबांच्या हातचं ऐंशी वर्षांचं झाड मी एकटीनं कुंडीतून उचललं, ओल्या फडक्यावर ठेवलं आणि धुवायला कुंडी उपडी केली. हात तिथंच थांबला. डाव्या पायाला तार. उजव्या पायालाही तार.

बाबा विसरले? बाबा, आणि विसरले?

दोन्ही तारा हिरवट पडलेल्या. मुळंही दोन्हीकडे सारखीच दाट, पाइनला मानवणारी पांढरट बुरशी सारखीच धरलेली. गेल्या खेपेची कोवळी बाजू पुन्हा कापली गेली, तर झाडाला पाणी प्यायला तोंडच उरणार नाही. मी कात्री डावीकडे नेली, मागे घेतली. उजवीकडे नेली, मागे घेतली. समुद्रावरचा वारा मुळं सुकवत होता.

"काय गं, माझी सवत उघडी टाकून कुठं हरवलीस?" आई चहा घेऊन आली. झाडाला ती जन्मभर सवतच म्हणत आली.

"आई, दोन तारा आहेत बघ."

"मला काय कळतंय त्यातलं? विचार तुझ्या बाबांना."

"कसं विचारू? आणि ही उजवीकडची बघ, उलटी पिळलीय. बाबा असं कधी पिळत नसत."

आईनं तिच्या सवयीच्या डाव्या हातानं चहा ओतला. त्याच हातानं फडक्यावर पाणी शिंपडलं, मुळं झाकली, बाळाला पांघरूण घालावं तशी. मी त्या हाताकडे बघत राहिले. ओसाकाहून सुट्टीला घरी आले, की याच झाडापाशी मी बाबांच्या हाताचं कौतुक करत बसायचे. आई आत भांडी घासत ऐकायची.

"आई?"

"चहा गार होतोय."

"आई, झाड मरेल गं."

तिनं किटली खाली ठेवली.

"डावी काप. उजवी कोवळी आहे, ती मी कापलीय. त्यांचा हात थरथरायचा, कात्री धरवेना. ते सांगत गेले, मी कापत गेले. पोरीला कळू देऊ नकोस म्हणाले, म्हणून गप्प राहिले. जुनी तार काढायची असते, एवढं मात्र सांगायचं राहिलं त्यांचं."