नऊशे पाहुणे आणि बत्तीस जीबी

राजलक्ष्मी अक्का स्टेजच्या पायरीवर एक पाय ठेवून अडकल्या, त्या अडकल्याच. हातात आहेराचं पाकीट, चेहऱ्यावर अर्धं हसू. दिव्यश्रीने माउसवरचा हात काढून घेतला. अशा वेळी काहीही दाबायचं नाही, हे ती आता शिकली होती. दाबलं की कॉम्प्युटर आणखीच रुसतो. चार मिनिटांनी पडदा पांढरा झाला आणि अर्ध्या तासाचं काम घेऊन प्रोग्रॅम बंद पडला.

"पुन्हा?" मागून अण्णांनी विचारलं.

"पुन्हा," ती म्हणाली.

मल्लेश्वरममधला हा लग्नाच्या व्हिडिओंचा स्टुडिओ व्यंकोजी अण्णांनी पस्तीस वर्षांपूर्वी काढला, आणि गेली सात वर्षं एडिटिंगच्या खुर्चीवर त्यांची मुलगी दिव्यश्री बसत होती. बेंगळुरूत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरं आणि त्यांचे कन्नड शेजारी, हे त्यांचं गिऱ्हाईक. या गिऱ्हाइकाचा एकच कायदा होता: रिसेप्शनला स्टेजवर आलेल्या एकाही माणसाला कापायचं नाही. विधी आटोपशीर केले तरी चालतात, मंगलाष्टकं अर्धी केली तर कोणाच्या लक्षातही येत नाही. पण एखादे मामा दिसले नाहीत, तर दोन घरांत दहा वर्षं अबोला. या लग्नाला नऊशे माणसं आली होती आणि कॅमेरे होते तीन. म्हणजे प्रत्येक पाहुणा पुढून, डावीकडून आणि उजवीकडून.

आणि कॉम्प्युटरची रॅम बत्तीस जीबी. रॅम म्हणजे काम पसरायचं टेबल. टेबल लहान आणि पसारा मोठा असला की वस्तू खाली पडणारच. हे दिव्यश्रीने अण्णांना दहादा सांगून पाहिलं. पण अण्णांनी दोन व्हीसीआर जोडून शेकडो लग्नं उभी केली होती. रॅम कशाशी खातात हे त्यांना तेव्हाही माहीत नव्हतं आणि काही अडलंही नव्हतं.

गेल्या रविवारी जेवताना ते म्हणाले होते, "एक तारखेपासून एडिटिंग कोरमंगलाच्या त्या पोरांना देऊ या. तू काउंटर बघ. लोकांशी तू गोड बोलतेस."

रागावून म्हणाले असते तर भांडता आलं असतं. ते तर तिच्या पानात भात वाढत म्हणाले. दिव्यश्रीने मान खाली घालून जेवण संपवलं. त्या खुर्चीवरून उठून काउंटरवर जायचं, हे तिला मुळीच नको होतं. त्याहून वाईट म्हणजे, अण्णांचं खरं तर नसेल ना, असं तिला स्वतःलाच वाटायला लागलं होतं. जे लग्न पूर्वी चार दिवसांत व्हायचं त्याला आता तीन आठवडे लागत होते. कॉम्प्युटर अडकतो हे खरं, पण आपलाच हात जड झाला असेल तर?

नवा कॉम्प्युटर घ्यायला अण्णांची ना नव्हती. त्यांची अट एवढीच, की तो घेऊनही रडगाणं सुरू राहिलं तर मग विषय संपला. त्यामुळे रॅम किती घ्यायची हा प्रश्न दिव्यश्रीच्या मानगुटीवर बसला. कमी घेतली आणि पुन्हा अडकलं, तर दोष तिचाच ठरणार होता.

विचारावं त्याचं मत वेगळं. वरच्या मजल्यावर पुण्याचा शंतनु भाड्याने राहायचा. महादेवपुऱ्यात नोकरी, आणि सल्ला द्यायची हौस दांडगी. "ताई, बेसिकली सिक्स्टी-फोर मिनिमम. पण फ्यूचरचा विचार केला तर वन ट्वेंटी-एट घेऊन टाका. तुमचा वर्कलोड नक्की काय आहे?"

"लग्नं," ती म्हणाली.

"मग थर्टी-टू पण बास झाली," असं म्हणून तो लिफ्टमध्ये शिरला. डोकं खाऊन झाल्यावर माणसं लिफ्टमध्येच शिरतात.

शेवटी तिने एस. पी. रोडवर कॉम्प्युटर जुळवून देणाऱ्या पद्माकरांना फोन केला. ते मूळचे बेळगावचे. त्यांनी आकडा सांगायला साफ नकार दिला.

"हे बघा अक्का, दुखतंय कुठं ते न बघता मी औषध देत नाही. तुमचं सगळ्यात जड काम डिस्कवर घालून आणा आणि माझ्या मशीनवर करून दाखवा. किती खातंय ते बघू, मग बोलू की."

शनिवारी सकाळी डिस्क पर्समध्ये टाकून ती निघाली, तर अण्णा चपला घालून दारात उभे. "मी पण येतो," ते म्हणाले. आजवर जे घरात अडत होतं ते आता चारचौघांत अडणार होतं.

पद्माकरांच्या दुकानातल्या मशीनला एकशे अठ्ठावीस जीबी रॅम होती. तिने नऊशे पाहुण्यांचं रिसेप्शन उघडलं. रॅमचा आकडा दाखवणारी खिडकी पद्माकरांनी बाजूच्या पडद्यावर लावली. अण्णांना प्लास्टिकची खुर्ची मिळाली, दिव्यश्रीच्या अगदी खांद्यामागे.

"करा सुरू, अक्का. घरी करता तसंच."

ती घाबरत घाबरत पहिला कट द्यायला गेली आणि सवयीने थांबली. थांबायची गरजच नव्हती. कट केव्हाच झाला होता. दुसरा दिला, तिसरा दिला. मग तिची बोटं आपोआप चालायला लागली. नवरीचं हसू डाव्या कॅमेऱ्यावरून, मावशीने डोळे टिपले ते उजव्यावरून, पाकीट देताना पुन्हा पुढून. कोणी कापला जात नव्हता, आणि रांग मात्र सरसर पुढे सरकत होती. पाऊण तासात तिने दीडशे माणसं स्टेजवरून उतरवली. दुकानात कोण आलं, कोण गेलं, तिला पत्ता नव्हता. सात वर्षांपूर्वी हे काम आपल्याला का आवडलं होतं, ते तिला इतक्या दिवसांनी आठवलं.

"स्वल्प थांबा," पद्माकर म्हणाले. "जास्तीत जास्त गेलं सेहेचाळीसवर. बत्तीसमध्ये हे बसणार कसं? ती मशीन बिचारी बसली नाही तर काय करेल?"

मग त्यांनी मशीन बंद करून झाकण उघडलं, चारपैकी दोन पट्ट्या काढल्या आणि चौसष्टवर तेच काम पुन्हा करायला लावलं. दिव्यश्रीने आणखी शंभर पाहुणे उरकले. मशीनने एकदाही दम खाल्ला नाही.

"चौसष्ट साकु," ते म्हणाले. "पुरे. एकशे अठ्ठावीस घेतली तर निम्मी नुसती बसून राहील. दोन खाचा रिकाम्या ठेवू. उद्या कॅमेरे वाढवलेत तर पट्ट्या घालता येतील की."

दिव्यश्रीने मोठा श्वास सोडला. आकडा ठरला होता, आणि हातही जड झालेला नव्हता. तिला तिथेच, त्या उघड्या मशीनसमोर, हसू आणि रडू एकदमच यायला लागलं. तिने अण्णांकडे वळून पाहिलं.

अण्णा पडद्याकडे बघतच नव्हते. ते तिच्या हातांकडे बघत होते.

"तू इतकी भराभर करतेस?" त्यांनी विचारलं.

"नेहमी असंच करते, अण्णा."

"मला कधी दिसलंच नाही. मागून बघायचो तेव्हा तू नुसती बसलेलीच असायचीस. मला वाटायचं, पोरीला आता नकोसं झालंय. म्हणून म्हटलं, काउंटरवर तरी बरं वाटेल."

म्हणजे ही शिक्षा नव्हतीच. हे वेडे लाडच होते. इतके दिवस दोघंही एकाच खोलीत बसून एकमेकांना न विचारता झुरत होते.

अण्णांनी खिशातून फोन काढला. कोरमंगलाच्या त्या मुलांना लावला, आणि नेहमीप्रमाणे सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात हिंदीत बोलायला लागले. "नहीं, नहीं, अब नहीं भेजेंगे." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. सात वर्षं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला तिची ओळख 'मुलगी, मदत करते' अशी करून देत आले होते. आता त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं.

"हमारे पास एडिटर है," ते म्हणाले आणि फोन ठेवून दिला.