लंकाबाईचा अंगठा

या, जरा पुढं सरकून बसा. टाळ ठेवा बाजूला, महाराज यायला अजून अवकाश आहे. तोवर एक गोष्ट सांगतो. देवाच्या दारात सांगण्याजोगी आहे की नाही, ते तुम्ही ठरवा.

शेवगावच्या अंगाला ऊसतोड्यांच्या मुलांचं एक वसतिगृह आहे. आमच्या भजनातली लंकाबाई तिथं स्वयंपाकाला होती. भाकरी थापताना अभंग म्हणायची, पोरं ताट घेऊन तिच्याचभोवती. एका वर्षी वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेनं तिथल्या कामगारांकडून छापील फॉर्म भरून घेतले. कारभार कसा चाललाय ते लिहा, नाव घालू नका, असं सांगितलं. लंकाबाईनं एका पोरीकडून लिहून घेतलं, की पोरांना किडकी डाळ शिजवायला देतात. आणि जन्मभर कागद म्हटला की अंगठा, म्हणून शाईचा डबा स्वतःच मागून घेतला आणि खाली अंगठा उठवला.

फॉर्म गोळा करायचा व्यवस्थापक बिभीषण. तो आधी सगळे वाचायचा, गोड तेवढे वर पाठवायचा. अंगठेबहाद्दर बाई तिथं एकच होती. दुसऱ्या दिवशी तिच्या हातातली परात गेली आणि संडास धुवायचा खराटा आला. महिनाभर सोसून तिनं ते काम सोडलं आणि पुन्हा ऊसतोडीचा कोयता धरला. पंचावन्नाव्या वर्षी कोपरगावकडच्या फडात, डोक्यावर मोळी असतानाच ती कोसळली. उठली नाही.

तिची सून राजेश्वरी त्याच वसतिगृहाच्या हापिसात कारकून. ती रडली नाही, नोकरी सोडली नाही. दोन वर्षं त्या बिभीषणाला चहा नेऊन दिला.

मग यंदा संस्थेचं पत्र आलं. कामगारांची तीच पाहणी आता कागदावर घ्यायची की मोबाईलवर, प्रत्येक वसतिगृहानं कळवावं. बिभीषणाला पत्रं स्वतः वाचायचा कंटाळा. खुर्चीत रेलून तो राजेश्वरीकडून वाचून घ्यायचा. तो म्हणाला, कागदच बरा, आपल्या हातात राहतो.

राजेश्वरी शांतपणे म्हणाली, "साहेब, मोबाईलवर घेतलं तर कुणी काय सांगितलं ते नंबरासकट आपल्याला येतंय. इथं लिहिलंय."

तसलं काही लिहिलं नव्हतं. उत्तरं थेट मुख्य कचेरीत जाणार, नंबर कुणालाच दिसणार नाही, असं लिहिलं होतं. खोटं बोलली ती. पाप असेल तर थोडं माझ्या माथी येऊ दे. बिभीषण खूश झाला, मोबाईलवर सही केली, वर बायांना दम दिला की आता एकेकीचं कळतंय मला.

बाया घाबरल्या. राजेश्वरीनं कोठीत नेऊन त्यांना खरं काय ते सांगितलं आणि स्वतःचा मोबाईल पुढं केला. प्रश्न त्यातूनच ऐकू यायचे, उत्तर नुसतं बोलायचं. त्यांतली कडूबाई म्हणाली, "एवढंच व्हय? माझं तोंड मिटवायला मशीन काढलं असतं तर अवघड हुतं." ती पहिली बोलली, डाळीपासून खराट्यापर्यंत सगळं. मग एकेक करत अकरा जणी.

आठवड्यानं मुख्य कचेरीची गाडी आली. त्यांनी कोठी उघडली, डाळीच्या पोत्यात हात घातला, आणि बिभीषणाच्या हातून किल्ल्या घेतल्या.

जाताना तो दारात राजेश्वरीपाशी थांबला. म्हणाला, तू तर नंबर येतात म्हणालीस, त्यात नावंही नव्हती, मग हे कुणी केलं?

"मी केलं. लंकाबाईची सून."

त्यानं हात जोडले. चूक झाली म्हणाला, माफ कर म्हणाला.

"माझी माफी मागू नका. सासूची मागा. ती कोपरगावच्या फडात हाय, जाऊन शोधा."

चाळीस वर्षं मी कीर्तनातून क्षमेचा महिमा ऐकतोय आणि डोळे पुसतोय. तरी त्या दिवशी पोटभर जेवलो, खोटं कशाला बोलू? राजेश्वरीला मी काही शिकवायला जात नाही.

ते बघा, महाराज आलेच. उठा. एवढंच करा, शेवटी नामाचा गजर होईल तेव्हा एक टाळी लंकाबाईच्या नावानं वाजवा.