जर्दाळूचा डोळा

शुक्रवारी ट्रक आला की थोरलीचं डोकं फिरायचं. त्यातून उतरायची ती तिच्या लेखी रोपं नव्हतीच, नटवलेला माल होता. सगळी एका उंचीची, एका मापाच्या काळ्या कुंडीत कोंबलेली, कळ्या औषधं पाजून फुगवलेल्या. दूरच्या एका पट्ट्यात गावंच्या गावं हाच माल पिकवत होती आणि झाडून सगळ्या नर्सऱ्या तोच विकत होत्या. गिऱ्हाईक हरखून न्यायचं, पंधरवड्यात रोप मान टाकायचं, आणि वर गिऱ्हाईकच म्हणायचं, आमच्या हाताला गुण नाही हो. हाताला काय धाड भरलीय? माल मरायलाच बनवलेला.

धाकटा भाऊ मात्र खूश. "मेलं तर दुसरं नेतात, ताई. धंदा म्हणतात याला."

"दुकान म्हणतात याला. नर्सरीत झाड जन्माला येतं."

वडील, आप्पा, होते तोवर येत होतं. मागच्या अंगाला त्यांचे वाफे होते. सकाळच्या उन्हात आप्पा उकिडवे बसून गुलाबाचे डोळे भरायचे. रानगुलाबाच्या खुंटाची साल चिरायची, त्या चिरेत चांगल्या गुलाबाचा डोळा, म्हणजे फांदीवरचा न उमललेला कोंब, सरकवायचा आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं आवळायचं. मुळं रानाची, फूल आपलं. पट्ट्या दातात धरून थोरली शेजारी उभी असायची. रबराची ती कडू चव अजून तिच्या जिभेवर होती. धाकट्यानं लहानपणी एकदा डोळा उलटा बसवला, तेव्हा आप्पा म्हणाले होते, "वा! हे झाड पाताळात फुलणार." पुढे कितीतरी दिवस आई हाक मारायची, "पाताळवाले, जेवायला या!"

जर्दाळू हा आप्पांनी स्वतः संकर करून काढलेला गुलाब. पाकळी बाहेरून पिकल्या जर्दाळूच्या रंगाची, आतून लोण्यासारखी, आणि वास असा की माणसानं बोलता बोलता थांबावं. लोकांनी हौसेनं नेला, मग ट्रकच्या मालापुढे विसरले. आता कोपऱ्यात त्याचं आईझाड तेवढं उरलं होतं. आप्पा गेल्यापासून त्यानं फूल दिलं नव्हतं, पण वाढ अशी की बघत राहावं. थोरली त्याला जिवापाड जपत होती.

एक दिवस धाकटा म्हणाला, "वाफे काढून फरशी टाकतोय. ट्रक थेट मागपर्यंत येईल."

"जर्दाळूचा कोपरा सोडायचा."

"फुलतो कुठे तो? नुसती झुडपाची दाढी वाढलीय. हे बघ, या बहारात फुलला तर कोपरा तुझा. नाही फुलला तर काढायचा, आणि मग तोंड वाजवायचं नाही."

"कबूल," थोरली म्हणाली.

आणि झाड फुललं. सकाळी ती पाण्याची झारी घेऊन गेली तर सगळं झुडूप फुलांनी लगडलेलं. पांढरी. बारकी. पाच पाकळ्यांची. झुबकेच्या झुबके.

रानगुलाब.

तिच्या हातातली झारी कलंडली. डोळ्याच्या खालून फुटवा आला की तो उपटायचा, नाहीतर रान वर चढतं आणि कलम मारतं; हे या घरात चालायला लागायच्या आधी शिकवलं जायचं. याच गोष्टीवरून तिनं अख्ख्या गावातल्या गिऱ्हाइकांना झापलं होतं. पण आप्पा गेले आणि या एका झाडाला कात्री लावायला तिचा हात धजला नाही. त्यांचा हात लागलेलं झाड, म्हणून जे फुटेल ते तिनं वाढू दिलं. झुडपात हात घातला तेव्हा बुडाशी जर्दाळूचा खोडका लागला. वाळलेला, बोटानं मोडला. मायेनं गळा घोटला होता तिनं त्याचा.

धाकटा आला. आता हसणार, असं तिला वाटलं. तो हसला नाही. उकिडवा बसला, खोडका चाचपला. "अगं, तू? तू असं होऊ दिलंस?"

"दिलं."

"मग... काढायचं ना आता?"

"फरशीवाला येईपर्यंत हात लावू नकोस. मी दुसरा आणते."

"आणणार कुठून? सगळे विकले."

"विकले म्हणजे जाळले नाहीत."

तिला कटकटकाकू आठवल्या होत्या. कपडे शिवणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या. जर्दाळू नेल्यापासून त्या तक्रार घेऊन यायच्या, "तुमचा गुलाब नुसते काटे देतो हो." त्या दिसल्या की आप्पा खताच्या पोत्यांमागे दडायचे. "आप्पा नाहीत," थोरली सांगायची. काकू म्हणायच्या, "नाहीत ना? मग पोत्यांमागे त्यांच्या चपला दिसताहेत, त्यांना सांग."

काकूंनी दार उघडलं आणि सुरुवातच केली, "आता आलीस? आप्पा गेले, आता मी भांडायचं कुणाशी?"

मागच्या अंगणात जर्दाळू खिडकीच्या वर गेला होता. फुलांनी फांद्या वाकल्या होत्या. वास आला आणि थोरली बोलता बोलता थांबली.

"काकू, हा फुलत नव्हता ना?"

"पहिल्या वर्षापासून फुलतोय."

"मग तक्रार कसली करत होतात?"

"वेडीच आहेस. झाड छान आहे म्हणून सांगायला गेलं की लोक हसतात आणि कामाला लागतात. तक्रार केली की खुर्ची देतात. आप्पा चहा द्यायचे." काकूंनी नाक पुसलं. "तेवढाच तास बरा जायचा गं."

थोरलीनं खिशातला चाकू काढला. काकू आडव्या आल्या. "माझ्या झाडाला हात लावशील तर बघ!"

"मी कात्री लावली नाही म्हणूनच आमचा गेला, काकू."

काकूंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग बाजूला झाल्या. "खालची काप. वरची मला खिडकीतून दिसते."

ओल्या फडक्यात जर्दाळूची काडी गुंडाळून ती परतली तेव्हा फरशीवाला दोरी ताणत होता. थोरलीनं कात्री उचलली आणि त्या झुडपाला पहिल्यांदा लावली. पांढरे झुबके सपासप खाली पडले. रसरशीत, पेन्सिलीएवढे जाड चार फुटवे तिनं ठेवले. आप्पासुद्धा यापेक्षा चांगला खुंट शोधू शकले नसते. ती उकिडवी बसली, साल चिरली, जर्दाळूचा डोळा आत सरकवला. पट्टीसाठी हात मागे केला तर पट्टी हातात आली. धाकटा ट्यूबच्या पट्ट्या दातात धरून उभा होता.

"उलटा नाही ना लावलास?" तो दातांतून बोलला.

"गप बस, पाताळवाल्या."

फरशीवाल्यानं विचारलं, "शेठ, रेघ सरळ नेऊ?"

"कोपरा सोडून घे."

"वाकडं दिसेल हो."

"दिसू दे."

चारांतले दोन डोळे वाळले. दोन हिरवे राहिले, आणि पुढे त्यांतून तांबूस कोंब फुटले.

असाच एक शुक्रवार. ट्रक रिकामा होत होता आणि जर्दाळूच्या कोपऱ्यातून आवाज आला, "पट्टी किती आवळलीस गं! गुदमरेल ना तो!"

थोरली खुर्ची ओढायला धावली. धाकटा गुपचूप खताच्या पोत्यांमागे सटकला.

"चपला दिसताहेत," काकू म्हणाल्या.