मनगटावरचे वर्ष

कार्तिक सरत आला होता. कृष्णा आणि कोयना जिथे समोरासमोर येऊन एकमेकींच्या गळ्यात पडतात, त्या कराडच्या संगमावर पहाटेचे धुके उतरले होते. शुभ्र धुके, संथ धुके, शीतल धुके. नदी दिसत नव्हती. नदीचा श्वास तेवढा दिसत होता. घाटाच्या पायऱ्या वरून निघत होत्या आणि मधेच कुठेतरी विरघळत होत्या. त्या धूसर, धवल, निःशब्द पहाटेत संगमाच्या बागेत एक बाई भराभर चालत होती.

पासष्टी ओलांडलेली बाई. डोईवरचा पदर मफलरखाली दाबलेला, पायांत नवऱ्याचे कॅनव्हासचे बूट, बुटांच्या टोकांत कापूस कोंबलेला. डाव्या मनगटावर हिरवा चुडा, आणि त्या चुड्याच्या वर, दंडाकडे सरकवलेले, एक काळेभोर पुरुषी घड्याळ. काकणे किणकिणत होती, श्वास फुलत होता, आणि घड्याळ इमानेइतबारे तिची पावले मोजत होते. मात्र मोजून ते दुसऱ्याच्या नावावर मांडत होते.

ही रत्नप्रभा डुबल. घड्याळ तिच्या नवऱ्याचे, श्रीरंग डुबल सरांचे.

अर्ध्या कराडला पळायला शिकवले होते सरांनी. शाळेतले खेळाचे शिक्षक; उंच, सावळे, ताठ. त्यांची शिट्टी वाजली की मैदानावरची धूळसुद्धा सावधान उभी राहत असे, असे त्यांचे विद्यार्थी म्हणत. निवृत्त झाले तरी पाय निवृत्त झाले नव्हते. उगवतीला संगमावर, मावळतीला संगमावर, ऊन असो, थंडी असो, सरांच्या फेऱ्या चुकत नसत.

आणि त्यांचा एकुलता एक लेक रणधीर, तो कॅनडात. हुशार, देखणा, कर्तबगार, आणि कमालीचा शिस्तीचा. वर्ष उजाडले की हा पोरगा वर्षाची उद्दिष्टे ठरवी. वजन किती उतरवायचे, पुस्तके किती वाचायची, झोप किती घ्यायची, पगार कुठवर न्यायचा. प्रत्येक उद्दिष्टाचे फोनवर एक वर्तुळ. रोजचे काम झाले की वर्तुळ हिरवे, राहिले की करडे. सकाळच्या कॉफीबरोबर तो आपली वर्तुळे पाही आणि हिरवी दिसली की सुखावे.

गेल्या जानेवारीत आला तेव्हा त्याने त्या यादीत एक नवे उद्दिष्ट घातले. आई-बाबांची तब्येत! बापाच्या मनगटावर त्याने स्वतःच्या हाताने घड्याळ बांधले. म्हणाला, "बाबा, रोजची पावलं झाली की इथं हिरवं होणार आणि तिकडं मला दिसणार. आता तुम्ही रोज माझ्या डोळ्यांसमोर!"

डोळ्यांसमोर. वा रे वा! तोवर दर रविवारी फोन यायचा. तासभर चालायचा, भाजी काय केली इथपासून नगरपालिकेत कोण पडले इथपर्यंत. घड्याळ आले आणि रविवार मुका होत गेला. आधी पंधरा दिवसांनी, मग महिन्याने, मग सणासुदीला. विचारले तर म्हणे, "अगं आई, रोज बघतोय की. बाबा एकदम टकाटक आहेत." रोज पाहत होता तो, खोटे कशाला बोला. बाप पाहत नव्हता, वर्तुळ पाहत होता.

आणि वर एक वचन देऊन गेला होता. "यंदाची सगळी टार्गेटं पुरी झाली ना, की जानेवारीत महिनाभर येतो. स्वतःला बक्षीस!" आईबापांची भेट हे बक्षीस. आता बक्षीस काही शर्यत संपायच्या आधी मिळत नसते; हे खेळाच्या शिक्षकाला कोणी सांगायला नको.

भाद्रपदात सरांचे काळीज थकले.

एके सकाळी घाटाच्या पायरीवर बसले ते लवकर उठलेच नाहीत. पाय सुजले, श्वास आखूड झाला, ओठांवर निळसर छाया आली. डॉक्टर म्हणाले, "सर, आता मैदान बंद. उंबऱ्याच्या बाहेर पाय टाकायचा नाही." आयुष्यभर दुसऱ्यांना पळवणारा माणूस खाटेवर पडला आणि छताकडे बघत राहिला. रत्नप्रभाने फोन हातात घेतला तर खाटेवरून जुना मैदानी आवाज आला, "ठेव तो."

"अहो, पोराला कळवायला नको?"

"नको. त्याचं वर्ष मोडायचं नाही. आजारी बापाला बघायला येणं वेगळं, रत्ना, आणि जिंकून येणं वेगळं. मला जिंकून आलेला बघायचाय. एक शब्द बोलायचा नाहीस. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला." मग त्यांनी घड्याळ सोडले आणि तिच्या मनगटावर बांधले. पट्टा शेवटच्या घरात घातला तरी सैलच राहिला.

तेव्हापासून ती चालत होती. जिने आयुष्यात चालण्यासाठी म्हणून चालणे केले नव्हते, विहीर ते मोरी, मोरी ते चूल एवढ्याच वाटेवर जिची सगळी यात्रा झाली, ती बाई आता पहाट फुटायच्या आत संगमाला फेऱ्या घालत होती. सोनसळी आश्विन गेला, दीपमालांचा कार्तिक आला. ती चालत होती. गुडघे ठणकत होते, ती चालत होती. बागेतल्या बायका हसून म्हणत, "काय ओ काकू, मास्तरांना निजवून तुम्हीच राउंड मारताय होय?" ती हसे, आणि पुढे जाई.

लेकाचा संदेश येई, "बाबा, वेग वाढलाय तुमचा! शाब्बास!" सर तो वाचून दाखवीत. हसता हसता त्यांना धाप लागे. तीही हसे, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात कोंबून रडे. अरे, बापाचा श्वास आणि आईचा श्वास ज्याला वेगळा ओळखू येत नाही, त्या यंत्राला काय म्हणावे? आणि त्या यंत्रावर विसंबणाऱ्याला तरी काय म्हणावे?

मार्गशीर्ष लागला. थंडी हाडांत उतरली. सरांचे डोळे खोल गेले, बोलणे तुटक झाले, दिवस गुंगीत जाऊ लागला. आणि त्या गुंगीत, त्या तंद्रेत, त्या धूसर किनाऱ्यावर एक प्रश्न पुन्हा पुन्हा उमटू लागला.

"धीरू आला का गं?"

शुद्धीवर असताना ते लेकाचे नाव काढीत नसत. गुंगीत दुसरे नाव काढीत नसत. कवाड वाजले की मान वळे. रिक्षा थांबली की मान वळे. रत्नप्रभा उशाशी बसून त्या वळणाऱ्या मानेकडे पाही. जिंकून आलेला नको होता त्यांना. आलेला हवा होता, नुसता आलेला.

पण शपथ होती, गळ्याची शपथ. जो गळा असा घरघरत होता, त्याची शपथ मोडायची कोणत्या तोंडाने? आजच्या पोरींना हसू येईल. तिला नाही आले. तिने रात्रभर विचार केला आणि उजाडता उजाडता तिला वाट सापडली. बोलायचे नाही, एवढीच शपथ होती. चालायचे नाही, असे तर कोणी म्हटले नव्हते!

त्या दिवशी तिने घड्याळ उतरवले आणि खिडकीत ठेवले. वर्तुळ करडे पडेल. पोरगा पाहील. काळजात चर्र होईल त्याच्या. विचारेल, आई, बाबांना काय झालं? विचारल्यावर उत्तर दिले तर ती काही शपथ मोडल्यात जमा नाही. देव एवढे समजून घेईल.

ती वाट पाहू लागली. फोन मांडीवर घेऊन बसली. भाकरी करताना फोन काठवटीशेजारी, न्हाताना फोन मोरीच्या कट्ट्यावर. खिडकीतल्या उन्हात घड्याळ निपचित पडले होते. सकाळ गेली, दुपार गेली, सोनेरी सांज काळवंडून गेली. वर्तुळ करडे झाले. दुसऱ्या दिवशी करडे. तिसऱ्या दिवशीही करडेच. एकदा फोन वाजला तर ती धावली, गॅसवाल्याचा होता.

आणि मग सरांच्या फोनवर संदेश आला. "बाबा, घड्याळ चार्ज केलंय ना?"

तिने लिहिले, हो.

"मग बिघडलेलं दिसतंय. टेन्शन घेऊ नका, नवीन पाठवतोय. सिमकार्ड वगैरे सगळं घालून येईल, फक्त हातावर बांधायचं. वर्ष संपायला थोडेच दिवस राहिलेत, आपण टार्गेट सोडायचं नाही!"

तिने तो संदेश वाचला, पुन्हा वाचला, आणि ती हसली. असे हसणे शत्रूच्याही वाट्याला येऊ नये. बापाला काही झाले असेल हे त्याच्या मनात आलेच नाही. यंत्राला काही झाले असेल, हे मात्र आले! लाकडाच्या बाहुलीला दृष्ट लागेल म्हणून मीठमोहऱ्या ओवाळणारी लेकरे असतात, तिला ताप भरला म्हणून रडणारी लेकरे असतात. आणि जित्या बापाला यंत्र समजणारे हे कसले लेकरू? "मेल्या, फोन उचलून बाप कसा आहे एवढं विचारायला तुझी जीभ झिजते का रे?" ती भिंतीला म्हणाली.

पौष उंबऱ्यावर आला असताना, एका हिमशीतल, नीलधूसर पहाटे, श्रीरंग सरांनी कवाडाकडे मान वळवली आणि ती पुन्हा सरळ केली नाही.

घर भरले. विद्यार्थी आले, कोणी वकील, कोणी फौजदार, कोणी भाजीवाला. सगळ्यांच्या माना खाली होत्या. सरांना खाली घेतले, मुखात तुळस ठेवली, उशाशी दिवा लावला. शेजारच्या नलूवहिनी रणधीरला फोन लावत होत्या. पुन्हा लावत होत्या, पुन्हा पुन्हा लावत होत्या.

"रत्नावहिनी, उचलतच न्हाई ओ."

रत्नप्रभा कोरड्या डोळ्यांनी म्हणाली, "तिकडं रात्र आहे. झोपेचं पण टार्गेट आहे त्याचं. झोपताना तो माणसांचे फोन बंद ठेवतो."

ऊन वर चढत होते. बाहेर बांबू आले, गवत आले. आणि त्या माणसांतून वाट काढत, चपला दारात काढून, कुरिअरवाला आत आला. त्याला काय कल्पना! "श्रीरंग डुबल?" त्याने विचारले. मग रत्नप्रभाने हात पुढे केला आणि पेटी घेतली.

तिने पेटी उघडली. नवे घड्याळ, झळझळीत, निळसर काचेचे. ती पतीच्या शेजारी बसली, तो थंड, जड, आज्ञाधारक हात तिने मांडीवर घेतला, आणि माणसे पाहत असताना त्या मनगटावर घड्याळ बांधले. माणसांचे फोन तो घेत नव्हता. घड्याळाचे घेईल, एवढे ती आपल्या लेकाला ओळखत होती.

काच उजळली. आणि समुद्रापल्याड, उशाशी वाजलेल्या घड्याळाच्या सूचनेने, निजलेल्या लेकाची झोप मोडली. थोड्याच वेळात फोन वाजला. किती महिन्यांनी!

"आई! मिळालं ना घड्याळ? सुरू झालेलं दिसलं मला. पण ठोके दिसत नाहीयेत गं. सैल बांधलंयस. पट्टा एक घर आत घे."

तिने पट्टा एक घर आत घेतला.

"अजून नाही. अजून एक घर."

तिने अजून एक घर आत घेतला. वकिलाने तोंड फिरवले. नलूवहिनींनी पदर डोळ्यांना लावला.

"काय करताय तुम्ही? बाबांना दे बरं फोन."

सांगावे की न सांगावे? तिच्या ओठांशी शब्द आले होते. शपथ आता संपली होती, गळाच संपला होता. पण वर्षभर ज्या कानांनी रविवारची वाट पाहिली, ते कान अजून तिथे होते. तिने फोन त्या कानाशी धरला आणि म्हणाली, "बोल. त्यांच्याशीच बोल. खूप वाट बघितली त्यांनी."

आणि लेक बोलू लागला. भरभरून, मनमोकळे, हसत हसत बोलू लागला. "बाबा, काय वर्ष गेलं आपलं! घड्याळ बिघडलं तेवढे दिवस सोडले तर सगळी वर्तुळं हिरवी. तुमच्यामुळे, बरं का. तुम्ही या वयात रोज चालता, तर मला आळस करायची लाज वाटायची. तिकीट काढलंय बाबा, येतोय मी. संगमावर दोघं मिळून पळू. बाबा? ऐकताय ना? बाबा?"

फोनचा आवाज मोठा होता; ते बोलणे सगळ्या घरात ऐकू जात होते.

"बाबा?"

मग दारातला तो भाजीवाला, सरांनी कधीकाळी कान पिळून पळवलेला, चाळिशी उलटलेला तो बाप्या, गुडघ्यांत तोंड घालून हंबरडा फोडून रडला. तो आवाज कानाशी धरलेल्या फोनात शिरला, सात समुद्र ओलांडून गेला, आणि पलीकडचा आवाज तिथल्या तिथे थांबला. त्याला कळले.

मग फोनातून फक्त "आई" एवढेच आले. ती सरांच्या पायथ्याशी पाहत होती. खिडकीतून आलेले ऊन तिथे पसरले होते; आणि त्या उन्हात, अर्ध्या गावाला पळायला शिकवणारे ते दोन पाय, पांढऱ्या सुताने अंगठे बांधलेले, अगदी जवळ, अगदी सरळ, अगदी स्वस्थ.