शिरक्यातला चिमटा

मित्रांनो, मी रागुझा बंदरातला एक जुना लोखंडी चिमटा आहे. चांगला दोन हात लांब. लोकांनी मला शहराच्या वेशीवर टांगलं आहे. ते मला दरवर्षी तेल लावतात आणि त्याचाच मला संताप येतो.

लोहाराने मला घडवलं ते महामारीच्या दिवसांत. परमुलखातून आलेल्या गलबतावरच्या माणसांनी आधी महिनाभर समोरच्या ओसाड बेटावर राहायचं, धडधाकट राहिले तरच शहरात पाऊल टाकायचं, असा नियम होता. पहारेकरी ओब्राड माझ्या टोकाने त्यांची पत्रं घ्यायचा, साथ मरावी म्हणून आंबट शिरक्यात बुडवायचा, त्यांना भाकरी पोचवायचा. लोकर मात्र बेटावरून हलवायची नाही. साथ लोकरीत दडून बसते, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

पण माझं कौतुक इतकं वाढलं, की मी उचललेली वस्तू आपोआप निर्धोक होते असंच लोकांना वाटू लागलं. मी ओरडून सांगणार तरी कसं?

शहराचा रक्षक मानल्या जाणाऱ्या संत व्लाहोचा उत्सव तीन दिवसांवर आला होता. स्तोयना नावाची म्हातारी ओब्राडच्या नावेतून आपल्या लेकाला, मिल्टेनला, पाहायला आली. गलबतावरून उतरलेल्या मिल्टेनचा बेटावरचा महिना भरतच आला होता. तो काठावर, ती नावेत.

“अरे, लोकरीच्या गठ्ठ्यांवर लोळून सदऱ्याची काय दशा केलीस! दे इकडे, धुऊन आणते. उत्सवात असा मिरवणार?”

“आई, लोकरीचा आहे गं. नको.”

“मी कुठे हात लावतेय? ओब्राडदादा, चिमट्यानं घे की!”

ओब्राड हसला. “घेतो, मावशी. नाहीतर उत्सवभर मलाच बोलत बसशील.”

आणि मीच तो सदरा तिच्या टोपलीत टाकला!

अर्ध्या वाटेवर स्तोयनाने सदरा तोंडाशी धरला. “लेकराचा वास येतोय,” ती म्हणाली. ओब्राडचे हात वल्ह्यांवर थबकले. आपण काय करून बसलो, ते त्याला उमगलं. सदरा समुद्रात भिरकावून गप्प बसता आलं असतं. पाहायला कोणी नव्हतं. समोर धक्क्यावर त्याची बायको तान्ह्या मुलीला घेऊन उभी होती.

त्याने नाव वळवली.

“मेल्या, कुठे नेतोस? चिमट्यानं घेतलंय ना!”

“चिमट्याला काय कळतंय, मावशी? मी चुकलो. आता महिनाभर तू नि मी बेटावर. हव्या तेवढ्या शिव्या घाल.”

तिने घातल्याही. सहाव्या दिवशी तिला ताप भरला. मिल्टेन माझ्या टोकाने तिला भिजवलेली भाकरी भरवायचा. “टोचतो रे मेला,” ती पुटपुटायची. दहाव्या दिवशी तिने तोंड उघडलंच नाही.

शहरात मात्र त्या साली एकही माणूस दगावलं नाही.

“चिमट्यानं वाचवलं!” म्हणत लोकांनी माझी मिरवणूक काढली. ओब्राडला म्हातारीचा काळ ठरवून कामावरून काढून टाकलं. आज त्याचं नावही कुणाला आठवत नाही.

मित्रांनो, मला तेल लावू नका. खुशाल गंजू द्या. पण कधी आपली चूक आपल्याच ध्यानात आली आणि पाहायला कोणी नसलं, तर नाव वळवा. धक्क्यावर आपलं माणूस वाट पाहत असलं, तरीही.