मटार निघाले की

उन्हाळा आमच्याकडे आणि हिवाळा मोठ्या भावजींकडे, अशी अण्णांची वाटणी झाली होती. अण्णा म्हणजे माझे सासरे. वाटणी दोन्ही भावांनी बसून केली आणि अण्णांना कळवली. भावजींचं घर पाचव्या मजल्यावर, ऊबदार, लिफ्ट थेट दारात. आमचं तळमजल्यावर, थंडीत फरशी इतकी गार की मांजरसुद्धा खुर्चीवरून खाली उतरत नाही. तेव्हा म्हाताऱ्या माणसाने हिवाळ्यात तिकडे असावं, यात कुणाला बोलायला जागाच नव्हती.

यंदा पावसाळा सरताना अण्णांनी मागच्या भिंतीलगतच्या पट्ट्यात मटार पेरले. पट्टा केवढा, तर दोन सायकली टेकवून ठेवता येतील एवढा. त्या सायकली आमच्याच होत्या, आणि आता त्या स्वयंपाकघरात आल्या. मी काही बोलले नाही असं नाही. भरपूर बोलले. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि वेलांना आधार म्हणून एका सायकलीचा कॅरिअर मागितला.

थंडी पडली तसा भावजींचा फोन आला.

"अण्णा, रविवारी न्यायला येतो."

"मटार फुलावर आलेत रे," अण्णा म्हणाले. "मटार निघाले की येतो."

भावजी समजूतदार माणूस. मटार निघायला असा कितीसा वेळ लागतो, असं त्यांना वाटलं असणार. मलाही तसंच वाटलं.

मटार निघाले. पण तोवर मटारांच्या पायाशी पालक वीतभर झाला होता, आणि असा वाढता पालक टाकून कोण जाणार? पालक खुडून होईतो मुळे जमिनीतून डोकं काढायला लागले. मुळ्यांच्या मागे गाजरं उभी होती. मला पालक आवडत नाही. हे मी लग्न झाल्यापासून सांगत आले आहे, पण त्या हिवाळ्यात आमच्याकडे पालक हा विषय माझ्या आवडीनिवडीच्या पलीकडे गेला होता.

मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. दिवसभर परक्यांचे जबडे हाताळून घरी आलं, की घरातल्यांच्या तोंडाकडे बघायची ताकद उरत नाही. त्यामुळे हे प्रकरण माझ्या ध्यानात यायला जरा उशीरच झाला. एका सुट्टीच्या सकाळी मी कपडे वाळत घालायला मागे गेले, तर अण्णा एका हाताने मुळा उपटत होते आणि दुसऱ्या हाताने त्याच जागी बी टाकत होते.

"आता हे काय पेरताय?"

"बीट."

"ते कधी तयार होणार?"

"गाजरं संपता संपता," अण्णा म्हणाले, आणि माती सारखी केली.

अण्णांची सारी नोकरी बस डेपोत वेळापत्रकं लावण्यात गेली. एक गाडी स्टॉपवर लागलेली, दुसरी वाटेत, तिसरी डेपोतून नुकती सुटलेली. स्टॉप रिकामा पडता कामा नये, हा त्यांचा बाणा. मी कपड्यांची बादली खाली ठेवून त्या पट्ट्याकडे नीट पाहिलं. प्रत्येक ओळीतली रोपं पुढच्या ओळीतल्यांपेक्षा थोडी लहान होती. तिथे कधीच सगळं एकदम संपणार नव्हतं. अण्णांनी सगळ्यांच्या वेळा चोख लावल्या होत्या, फक्त स्वतःची सुटायची वेळ कुठे लावली नव्हती.

"अण्णा, तिकडे काही त्रास होतो का?"

"छे छे. फार करतात माझं. पाणी घ्यायला उठावं, तर कुणीतरी पेला हातात आणून देतं." ते पुढच्या मुळ्याकडे सरकले. "सकाळी नाश्ता झाला की माझा दिवस संपतो तिथे."

मला वाईट वाटलं. आणि मला वाईट वाटलं की मी चिडते, त्यामुळे मी त्यांना पायाचा चिखल दाराबाहेर काढत जा म्हणून सुनावलं आणि आत आले.

त्यानंतर भावजींचे फोन मीच घेऊ लागले. एकदा सांगितलं, गाजरं बोटाएवढीच आहेत. एकदा सांगितलं, लेट्यूसने अजून गड्डा धरलेला नाही. ते गड्डा न धरणाऱ्या जातीचं होतं, पण भावजींनी ते विचारलं नाही. नवऱ्याने विचारलं. "दादा चिडेल हं," तो म्हणाला. थोरल्या भावापुढे तोंड न उघडणं हा त्याचा लहानपणापासूनचा स्वभाव आहे, आणि त्यातून वाचलेली सगळी शक्ती तो जेवताना वापरतो. मी त्याला आणखी मुळा वाढला.

मग ऊन फिरलं. मटारांचे वेल वाळले, पालकाला तुरे आले, लेट्यूस कडू झालं. बीट निघालं, आणि त्या जागी अण्णांनी काही पेरलं नाही.

"भिंत तापायला लागली," ते म्हणाले. "आता इथे काही यायचं नाही. ही जागा थंडीचीच."

भावजींचा फोन आला. हिवाळा तुम्ही ठेवून घेतलात, तर न्यायाने उन्हाळा आमचा, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि न्याय त्यांच्या बाजूने होता. अण्णा "ये" एवढंच म्हणाले. मग त्यांनी खुरपं धुतलं, पुसलं, त्याला तेल लावलं, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलं आणि बॅग भरायला घेतली.

खरं म्हणजे मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पालक संपला होता. सायकली बाहेर जाणार होत्या. त्यातली एक मी दारापर्यंत ढकलतही नेली, आणि तिथेच मला कळून चुकलं की अण्णांनी जायला नको आहे मला. कुणाच्या सोयीसाठी नाही, मलाच नको होतं. मी सायकल परत आत ठेवली आणि रोपवाटिका गाठली.

"असं काहीतरी द्या, जे तापलेल्या भिंतीपाशी जगेल, पण लवकर येणार नाही," मी म्हणाले.

"लोक उलटं मागतात," रोपवाली म्हणाली, पण आत जाऊन पुडकं घेऊन आली.

भावजी वेळेवर आले. ते नेहमीच वेळेवर येतात. अण्णा बाहेरचे बूट घालून, दाढी करून, बॅगेशेजारी बसले होते. मी पुडकं त्यांच्या मांडीवर ठेवलं. आत झिजलेल्या झाडूच्या बुडख्यासारखी मुळं होती.

"हे काय?" भावजींनी विचारलं.

"ॲस्परॅगस, कोंबांची भाजी. आजच लावायला हवं, नाहीतर मुळं सुकतील."

"लावू देत की. अर्धा तास थांबतो मी."

"थांबा ना. चहा टाकते. अण्णा मग काढणी झाली की येतील."

"काढणी कधी?"

मी पुडक्यावरची सूचना त्यांच्यापुढे धरली. भावजी कुठलीही गोष्ट पूर्ण वाचल्याशिवाय बोलत नाहीत. पहिल्या वर्षी कोंब तोडू नयेत. दुसऱ्या वर्षीही तोडू नयेत. तिसऱ्या वर्षी मोजकेच तोडावेत. रोज कुणी निगा राखणारं असल्यास वीस वर्षं पीक मिळतं. भावजींनी चष्मा पुसला आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

"मला फार आवडतं ते," नवरा म्हणाला. त्याने ते जन्मात खाल्लेलं नाही. पण भावापुढे तो आपणहून बोलला, हे मी विसरणार नाही.

भावजींनी सूचना दुसऱ्यांदा शेवटपर्यंत वाचून काढली. मग त्यांनी वाटणीच्या दिवशी विचारायचं राहून गेलेलं विचारलं.

"अण्णा, तुम्हाला काय वाटतं?"

अण्णा वाकून बुटांच्या नाड्या सोडत होते. एक गाठ निघेना, ती त्यांनी सावकाश सोडवली.

"चर किती खोल लागेल?" त्यांनी मला विचारलं.

"वीतभर."

"खुरपं तिथे वर्तमानपत्रात आहे." मग ते थोरल्या मुलाकडे वळले. "आणि तू ती बॅग आत नेऊन ठेव. वाटेत आहे, चिखल लागेल तिला."

भावजींनी बॅग उचलली आणि सायकलींच्या मागे नेऊन ठेवली.